समस्यांचा सुरक्षित साठा

देशाचे भवितव्य उच्च शिक्षणावर अवलंबून असते, आणि उच्च शिक्षणाचे भवितव्य प्राचार्यांच्या निवृत्तीच्या तारखेवर. आमचे प्राचार्य येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. मात्र नव्या धोरणानुसार ज्या संस्थेला 'भविष्यसज्ज' हा दर्जा मिळेल, तिच्या प्राचार्यांना तीन वर्षांची मुदतवाढ होती. या मुदतवाढीत प्राचार्यांचा लाभ नेमका काय, हे महाविद्यालयाचा भांडारपाल या नात्याने मी आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला त्यांच्या ध्येयवादाबद्दल गैरसमज नको.

पगार सोडून द्या. शिपाई गाडीचे दार उघडतो, तेही सोडून द्या. खरा लाभ म्हणजे आवाराला लागून असलेला बंगला. पाच खोल्या, दोन व्हरांडे, आणि त्या पाचांपैकी एक खोली अशी की तिच्यात काहीही ठेवलेले नाही (साहेब सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहत). बंगला सुटला की साहेबांना सपत्नीक मेहुण्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला जावे लागणार होते. मेहुणा माणूस चांगला. फक्त घरातली प्रत्येक वस्तू तो दाखवतो आणि ती त्याला किती स्वस्तात मिळाली ते सांगतो. वरच्या मजल्यावर वस्तू पुष्कळ आहेत.

तेव्हा संस्था भविष्यसज्ज करणे निकडीचे झाले.

भविष्यातल्या नोकरदाराकडे कोणते कौशल्य हवे, याची पाहणी वरूनच होऊन आली होती. एक्क्याण्णव टक्के कंपन्यांनी 'समस्या सोडवण्याचे कौशल्य' असे उत्तर दिले होते. सहा टक्के कंपन्यांनी 'कमी पगारात समस्या सोडवण्याचे कौशल्य' असे लिहिले होते. उरलेल्या तीन टक्क्यांची प्रश्नावली हरवली होती, आणि ती शोधून देण्याचे कौशल्य असलेला माणूस त्यांना अजून मिळाला नव्हता.

आता नुसता विचार करून पाहा. पोहायला शिकवायचे तर पाणी लागते. समस्या सोडवायला शिकवायचे तर समस्या लागतात. आमच्याकडे तोवर फक्त प्रश्न होते, आणि प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती. अशा वातावरणात वाढलेला मुलगा उद्या कंपनीत जाऊन शेवटचे पान शोधत बसणार, हे उघड होते. म्हणून प्राध्यापकांच्या बैठकीत एकमताने 'समस्या पुरवठा विभाग' स्थापन झाला. समस्या ही साठवून ठेवण्याची वस्तू असल्यामुळे तो विभाग माझ्या भांडाराला जोडण्यात आला. खडू, डस्टर आणि समस्या एकाच खिडकीतून मिळू लागल्या.

सुरुवातीचा साठा आवारातूनच गोळा झाला. चार नंबरच्या वर्गातला पंखा, जो फिरताना कण्हतो. ग्रंथालयाचे दार, जे उचलून ढकलल्याशिवाय उघडत नाही. दुसरा मजला सांगितला की तिसऱ्यावर जाणारी लिफ्ट. सभागृहातला माईक, जो फक्त महत्त्वाच्या वाक्याला शिटी वाजवतो. पहिल्या वर्षाला एका कारणाच्या समस्या दिल्या जात, दुसऱ्या वर्षाला अनेक कारणांच्या. तिसऱ्या वर्षाला अशा समस्या मिळत, की ज्यांच्यासाठी दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात (यांना आंतरविद्याशाखीय समस्या म्हणतात). विद्यार्थ्याने मागणीपत्र भरायचे, समस्या घ्यायची, आणि वापर झाल्यावर ती मूळ स्थितीत परत करायची. मूळ स्थितीत, या शब्दांखाली मी स्वतः रेघ मारली होती. पुढच्या तुकडीला काय देणार मग?

समस्या हाताळण्याची पद्धत कौशल्याच्या सरांनी ठरवली. हे सर पूर्वी इतिहास शिकवत, पण इतिहासाला भविष्य नसल्यामुळे त्यांना कौशल्याकडे वळवण्यात आले होते. त्यांची पद्धत पाच टप्प्यांची. आधी समस्येशी समरस व्हायचे, म्हणजे पंख्याखाली शांत बसून पंख्याला काय वाटत असेल यावर एक पान लिहायचे. मग पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीला लावायच्या. मग गुलाबी चिठ्ठ्या. मग पिवळ्या आणि गुलाबी चिठ्ठ्यांमधले नाते शोधायचे. शेवटी सादरीकरण. दुरुस्ती हा टप्पा यात नव्हता, कारण दुरुस्ती ही तांत्रिक बाब आहे आणि तिला श्रेयांक नाहीत.

वर्षभरात एकट्या पंख्यावर चारशेहून अधिक सादरीकरणे झाली. मुलांच्या चेहऱ्यावर तेज आले. कण्हण्याच्या आवाजावरून 'आज जरा खाली उतरलाय' असे सांगणारे विद्यार्थी तयार झाले. पंखा आता आमचा सर्वांत अनुभवी अध्यापक होता, आणि एकदा चुकून आलेल्या वायरमनला पहारेकऱ्याने फाटकावरूनच परत पाठवले, तेव्हा संस्थेच्या दूरदृष्टीबद्दल शहरात बरे बोलले गेले.

आता 'खटपटी' या टोपणनावाच्या मुलीविषयी सांगायला हवे. ही तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तीन मावश्यांसोबत भाड्याच्या घरात वाढलेली, आणि घरमालक काहीच दुरुस्त करून देत नसल्यामुळे लहानपणापासून हाताला वाईट सवय लागलेली. एका दुपारी ग्रंथालयाचे दार नुसत्या ढकलण्याने उघडले आणि दोन प्राध्यापक तोंडावर आत पडले. चौकशी भांडारातच झाली, म्हणून मला शब्दशः माहीत आहे.

"हे कुणी केलं?" कौशल्याच्या सरांनी विचारले. त्यांच्या हनुवटीला पट्टी होती.

"मी, सर. बिजागरीचा स्क्रू ढिला होता."

"चिठ्ठ्या कुठायत?"

"चिठ्ठ्या नव्हत्या. स्क्रूड्रायव्हर होता."

"दाराशी समरस झाली होतीस का तू?"

"दोनदा खांद्याला लागलंय, सर. ते धरत असाल तर झालेय."

"आणि बाकीच्या ऐंशी मुलांनी आता काय सोडवायचं? स्वतःपुरतं बघायचं फक्त?"

खटपटीला 'समस्या निराकरण' या विषयात नापास करण्यात आले. कारण: समस्या संपवणे. शिवाय दार पूर्ववत बिघडवून देण्याची ताकीद मिळाली. ती तिने पाळली नाही.

"काका," ती माझ्या खिडकीत कोपर टेकून म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं म्हणजे मावशी मला सोलून काढेल. काहीतरी करा ना."

"मी काय करणार? माझ्याकडे खडू आहेत."

"मग एक खडू द्या."

दिला. मागणीपत्रावर. पुढचा सबंध तास आवारात ज्या भिंतीवर कौशल्याच्या सरांचे चित्र काढले जात होते, ती भिंत मी पाहिली नाही.

असे सगळे व्यवस्थित चालले असताना दर्जा देणारी समिती येण्याचे कळले. आता आमच्या महाविद्यालयाची एक जुनी शिस्त आहे. समिती कोणतीही असो, ती येण्याआधी एक परिपत्रक निघते. 'समितीच्या भेटीपूर्वी इमारतीतील सर्व दोष विद्यार्थ्यांच्या सहकार्याने दूर करण्यात यावेत.' हा मसुदा कार्यालयाच्या जन्मापासून आहे. हेडक्लार्क त्यात फक्त तारीख बदलतात आणि साहेब त्यावर फोनवर बोलता बोलता सही करतात. ते फलकावर लागते, आणि फलकाकडे कोणी पाहत नसल्यामुळे आजवर कधी अपाय झाला नव्हता.

या वेळी खटपटीने पाहिले.

"काका, ही सही खरी आहे का?"

"साहेबांचीच आहे."

"मग हत्यारांची पेटी द्या."

मागणीपत्रात कारणाच्या रकान्यात तिने 'आज्ञापालन' असे लिहिले. इतके निर्दोष कारण माझ्या खिडकीत त्याआधी आले नव्हते. मी पेटी दिली.

पुढचे दोन दिवस या वास्तूत जे घडले, त्याला शैक्षणिक भाषेत शब्द नाही. आधी तिच्याबरोबर पाच मुले होती, मग चाळीस, मग जी मुले वर्षभर फक्त हजेरीच्या पटावर भेटत होती तीही आली. वर्ग ओस, जिने भरलेले. इंग्रजीची मुले नळाला धागा गुंडाळत होती. अर्थशास्त्राच्या एका मुलाने लिफ्टचा दोष शोधला आणि आनंदाच्या भरात ती सात वेळा दुसऱ्या मजल्यावर नेऊन आणली. दोन मुली माईकमध्ये महत्त्वाची वाक्ये बोलत बसल्या आणि त्याने एकदाही शिटी वाजवली नाही. पंखा खाली उतरवला, तेव्हा चारशे सादरीकरणांचा धनी टेबलावर निपचित पडला होता आणि त्याच्या पोटातून एक पिवळी चिठ्ठी निघाली. मूळचा ढिला स्क्रू फिरता फिरता केव्हाच बसला होता, आता कण्हत होती ती हीच. मुले हसून हसून जमिनीवर बसली. आपण महाविद्यालयात आहोत याचा त्यांना पूर्ण विसर पडला होता.

भेटीच्या दिवशी सकाळी प्राचार्य आले, लिफ्टमध्ये शिरले, त्यांनी दुसरा मजला दाबला आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. बराच वेळ ते बाहेर आलेच नाहीत. आपण कुठल्या इमारतीत आलो याची ते आत खात्री करून घेत असावेत. मग ते धावत चार नंबरच्या वर्गात गेले. पंखा फिरत होता. खाली ठेवलेल्या कागदांची फडफड सोडली तर आवाज नव्हता.

"भांडारात काही शिल्लक आहे?" त्यांनी मला बोलावून विचारले.

"एक गंजलेलं कुलूप होतं, साहेब. ते पोरांनी काल उघडलं."

"एखादी लहानशी अडचण? कुठे गळकं काही?"

"नाही, साहेब. आता मुताऱ्यांतसुद्धा बोलण्यासारखं काही नाही."

साहेबांनी कौशल्याच्या सरांना आणि एका विभागप्रमुखांना हाक मारली, आणि तिघांनी मिळून खिडकीची कडी मोडायला घेतली. तिघांचा मिळून शिक्षण घेण्याचा काळ साठ वर्षांच्या घरात जातो. कडी वाकेना. साहेबांचा प्रबंध धातूंच्या थकव्यावर आहे, पण ही कडी ताजीतवानी होती. एक जण खिडकीत चढला होता, दुसऱ्याने त्याचे पाय धरले होते आणि साहेब छत्रीने ठोकत होते, तेवढ्यात समिती आत आली. अध्यक्षांनी क्षणभर पाहिले आणि वहीत नोंद केली: सांघिक वृत्ती, उत्तम.

समितीत तिघे होते. अध्यक्ष, कारखानदारांच्या संघटनेच्या एक बाई, आणि एक सदस्य, जे मान हलवण्यासाठी होते. वर्गात निवडक विद्यार्थी बसवले होते. पहिला मुलगा पद्धतीप्रमाणे पंख्याखाली गेला, डोळे मिटून समरस झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पंखा समाधानी वाटतो." मग तो जागेवर जाऊन बसला, कारण पुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

"प्राचार्य," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, जसे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसे, "तुमच्याकडे समस्या नाहीत का?"

"होत्या. सुटल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या," साहेबांनी कबूल केले.

"अहो, पण सातत्याचे गुण कसे देऊ मी? मागच्या आठवड्यात एका संस्थेत गेलो होतो. छत पडत होतं तिथे. मुलं हेल्मेट घालून बसली होती. काय सुंदर काम चाललं होतं."

"आमच्या कंपन्यांना अशी मुलं नकोत," बाई म्हणाल्या. "समस्या सुटली की माणूस बसून राहतो. मग पगार कशाचा मागणार तो आणि आम्ही कशाचा कापणार?"

तिसऱ्या सदस्यांनी मान हलवली.

साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. मेहुण्याच्या घराचा वरचा मजला त्यावर एकेका वस्तूसकट उमटला होता. अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात मागच्या बाकावर न बोलावता येऊन बसलेली खटपटी उठली आणि साहेबांच्या जवळ आली. मी चहाचा ट्रे धरून मध्येच उभा असल्यामुळे ऐकू आले.

"सर, माझा निकाल बदलाल?"

"आत्ता? आत्ता काय बोलतेस तू?"

"पास करा, मी समस्या देते. पाहिजे तेवढ्या. जन्मात संपणार नाहीत."

साहेबांनी एकदा पेनाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. "प्रथम श्रेणी," ते म्हणाले.

"कौशल्याच्या सरांना पण सांगा. नंतर ते चिठ्ठ्या काढतील."

"सांगतो गं बाई. दे लवकर."

खटपटीने खिडकीचे दार ढकलले. साध्या बोटाने. "बाहेर बघा की, सर," ती म्हणाली.

समिती खिडकीशी आली. खाली रस्ता होता. तीन खाती आळीपाळीने तो खणत होती आणि चौथे त्यावर डांबर टाकून पळत होते. चौकातला सिग्नल लाल आणि हिरवा एकदम दाखवत होता. फुटलेल्या जलवाहिनीतून उंच कारंजे उडत होते आणि त्याच्या शेजारी रिकाम्या बादल्यांची रांग होती. पलीकडे पादचारी पूल होता, जो चढतो, पण उतरत नाही. वरच्या टोकाला काही नागरिक विचार करत उभे होते. भर दिवसा रस्त्यावरचे दिवे लागलेले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"हे सगळं तुमचं?" त्यांनी विचारले.

"आमची विस्तारित प्रयोगशाळा," साहेब म्हणाले. माणूस वीस वर्षे प्राचार्य उगाच राहत नाही. "आतलं ते केवळ प्राथमिक प्रशिक्षण. खरा अभ्यासक्रम त्या खिडकीपासून सुरू होतो."

"आणि सातत्य?"

"नगरपालिकेची हमी आहे."

हमी नव्हती, पण ती मिळायला वेळ लागला नाही. फोन केल्यावर नगरपालिकेचे अभियंते पायीच आले (त्यांची गाडी त्यांच्याच खड्ड्यात होती). सगळे ऐकून घेतल्यावर त्यांना भरून आले. "इतकी वर्षं हे जपून ठेवलं साहेब," ते म्हणाले, "पण कुणी विचारलं नव्हतं. लोक नुसत्या तक्रारी करतात."

करार चहा निवायच्या आत झाला. नगरपालिकेने समस्यांचा अखंड पुरवठा करायचा. महाविद्यालयाने त्या हाताळायच्या, संपवायच्या नाहीत. कोणा नागरिकाने परस्पर खड्डा बुजवल्यास ते शैक्षणिक साहित्याचे नुकसान समजले जाईल. प्रयोगशाळेची हद्द ठरवताना साहेबांनी उत्साहाच्या भरात नकाशावर स्वतःच्या हाताने एक मोठे वर्तुळ काढले, आणि अध्यक्षांनी त्यावर शिक्का मारला.

संस्था भविष्यसज्ज झाली. साहेबांना तीन वर्षे मिळाली. खटपटी प्रथम श्रेणीत आली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याच विभागात नोकरीला लागली, कारण कोणती वस्तू कुठे किती ढिली केली म्हणजे ती बरोबर बिघडते, हे कळणारे दुसरे कोणीही पदवीधर आढळले नाही. अहवालात हे 'शंभर टक्के रोजगार' या शीर्षकाखाली आहे. पंख्यात तिने पहिल्याच दिवशी चिठ्ठी परत घातली. आवाज पूर्वीपेक्षा गोड लागला आहे.

वर्तुळाचे म्हणाल, तर बंगला त्याच्या आत पडला. आधी पाणी गेले. मग फाटकासमोर तिसऱ्या वर्षासाठी एक चर खणण्यात आला, आंतरविद्याशाखीय. मग सांडपाण्याची वाहिनी पदव्युत्तर अभ्यासासाठी उलटी फिरवण्यात आली, आणि सकाळी आठ वाजता तीस विद्यार्थी न्हाणीघरात येऊन समरस होऊ लागले.

"तीन वर्षं मिळवलीत ना?" बाईसाहेब चरावरच्या फळीवरून तोल सांभाळत जाताना म्हणाल्या. "आता माझ्या भावाकडे चला मुकाट्यानं. आंघोळ तरी होईल."

साहेब गेले. सध्या वरच्या मजल्यावर असतात. सरकारी नोंदीप्रमाणे बंगला त्यांच्याच ताब्यात आहे आणि आता त्याच्या पाचही खोल्यांत काहीच ठेवलेले नाही.

आता कोणी काय मोजले, एवढे सांगून मी खिडकी बंद करतो. नगरपालिकेने काही मोजले नाही, उलट तिचे दुरुस्तीचे पैसे वाचले. समितीला जेवण मिळाले. कारखानदारांना कधीही रिकामी न बसणारी मुले मिळाली. विद्यार्थ्यांनी फी भरली, पण त्यांना त्याबद्दल पदवी आहे. साहेबांनी बंगला मोजला आणि त्यांना तो मिळाला, म्हणजे हिशेब जुळला. सगळी बेरीज करूनही खर्चाची मोठी बाजू शिल्लक राहत होती, आणि ती कोणाच्या नावावर टाकावी हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. मग वर्तुळाचा नकाशा पुन्हा काढून पाहिला. यंदा ते वाढवले आहे. आज कामावर जाताना तुम्ही ज्या खड्ड्याला शिव्या देऊन वळसा घातलात, तो दुसऱ्या सत्राचा प्रात्यक्षिक क्रमांक सहा आहे. तुम्ही वळसा घातलात, कोणाला विचारले नाहीत, आणि उद्याही घालाल, याबद्दल संस्था आपली आभारी आहे. आपला हप्ता वेळेवर जमा होतो.